चोक माझा, नाव देवचाराचं

माझ्या बहुतेक चुका मी भर उजेडात, चार माणसांसमोर आणि पूर्ण आत्मविश्वासाने केल्या आहेत. लपवायची अक्कल मला मोजक्याच वेळा सुचली, आणि त्यातली पहिली चूक सगळ्यांत महागात पडली. ती आता सांगून टाकतो. ज्यांच्यापासून लपवली त्यांतलं रागवायला कुणी उरलेलं नाही. एक सोडून. पण तो आहे की नाही, हे मला या वयातही छातीठोकपणे सांगता येत नाही.

आमचं घर कसालहून मालवणला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, शेताच्या कडेला. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो आबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. आबा फार बोलत नसत. सकाळी ओसरीवर बसून काजूच्या बोंडूंतून बिया पिरगळून काढत, आणि बी निघताना होणारा तो ओला ‘पुच्च’ आवाज एका लयीत चालू असला की घरात सगळं ठीक आहे असं समजायचं. तो थांबला की आम्ही जिथे असू तिथे गप्प. आत माझी आई, जिला मी आये म्हणायचो, चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटत ठेवी आणि निखाऱ्यावर सुका बांगडा टाकी. त्या वासाबरोबर मागच्या दारी सुलूवहिनी ओकारी काढी. सुलूवहिनी ही आबांच्या मुलाची, आमच्या दादाची, बायको. दादा खारेपाटणला शाळेत मास्तर होता. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. त्या वर्षी वहिनीला दिवस गेले होते आणि ती कैरीची फोड मिठाला लावून खाण्यापलीकडे कशालाच तयार नव्हती. ‘गो, दोन घास पेज तरी खा,’ असं आये म्हणायची, आणि वहिनी हसून ताट सरकवायची. हसायची खरी, पण माळ्यावरच्या पाळण्याकडे बघत नसे.

तो पाळणा एकदा खाली आला होता आणि रिकामाच परत वर गेला होता. पहिल्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा एस्टीची वाट बघण्यात वेळ गेला. मालवणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दोन तास आधी आणलं असतं तर मूल वाचलं असतं. ‘दोन तास’ हे दोन शब्द त्यानंतर आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. या वेळी आबांनी कुणालाही न विचारता दोन गुंठे माड विकले आणि गोव्याहून एका डॉक्टरच्या विधवेकडून जुनी करडी गाडी आणली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला चैन सुचली. चैन कसली! ती गाडी एकाच प्रवासासाठी घेतली होती. वहिनीला वेळेत मालवणला न्यायचं, बस्स. गाडीच्या आत औषधांचा आणि जुन्या चामड्याचा असा काही वास यायचा की आये पहिल्यांदा बसली तेव्हा तिने आधी आत डोकावून ‘कोण आसा?’ असं विचारलं.

ती गाडी चालवायची कुणी, तर मी. मी नुकताच मोटार मेकॅनिकचा कोर्स करून आलो होतो. माझ्याकडे एक सर्टिफिकेट, नट खोलायचे सहा पाने आणि एक पुस्तक होतं, आणि या तिन्हींच्या जोरावर मी घरात ‘इंजिनेर’ झालो होतो. आबा हा शब्द कौतुकाने म्हणतात असं मी समजायचो. आता वाटतं, नसावेत.

आमच्याकडून मालवणला जायचं तर आधी शेतं, मग साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, मग चढ, आणि चढ संपून जांभ्याचं उघडं पठार, म्हणजे सडा, सुरू व्हायच्या जरा अलीकडे एक वळण. त्या वळणावर काजऱ्याचं झाड आहे. काजऱ्याची फळं नारिंगी, दिसायला सुंदर, आणि विषारी. त्याच्याखाली एक उभा दगड, तो आमच्या हद्दीचा देवचार. खांद्यावर कांबळं, हातात काठी, काठी आपटत तो हद्द फिरतो, चुकलेल्या माणसाला घरी पोचवतो, आणि न सांगता हद्द ओलांडणाऱ्याला अडवतो. हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, जसं विहीर कुठे आहे हे माहीत असतं.

पहिल्याच फेरीला वहिनीला तपासणीसाठी न्यायचं होतं. सकाळी इंजिन थंड होतं म्हणून मी चोक ओढला. चोक म्हणजे स्टिअरिंगजवळचं एक काळं बटण. ते ओढलं की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं, आणि थंड गाडी पटकन सुरू होते. गाडी तापली की ते आत ढकलायचं असतं. नाहीतर इंजिन पेट्रोलात गुदमरतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसह. त्या दिवशी मात्र एका हाताने स्टिअरिंग धरून दुसरा हात खिडकीबाहेर टाकायच्या नादात मी ते बटण साफ विसरलो. चढावर गाडी खोकायला लागली. आरशात बघतो तर मागे काळा धूर. गाडीने दोनदा उसळी मारली आणि बरोबर काजऱ्याखाली, दगडाच्या शेजारी, मेली.

इंजिन बंद पडल्यावर जी शांतता येते ती नुसती शांतता नसते. तोवर तुम्हीच आवाज करत असता, आणि आता दुसरं कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. वारा पडलेला होता. धूर वर जाईना, तो रस्त्यावरून सरपटत दगडाशी गेला आणि तिथेच राहिला. आबा खाली उतरले. त्यांनी चपला काढल्या, टोपी काढली.

“अडवल्यान,” ते हळू म्हणाले. “नवी गाडी आणली, ती तेका सांगूक नाय.”

डॉक्टरीणबाईंना द्यायला घेतलेला नारळ त्यांनी दगडापुढे ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आबांचं गाऱ्हाणं म्हणजे अर्धा तास. घरातल्या जिवंत-मेलेल्या प्रत्येकाचं नाव त्यात येई. तेवढ्यात मी बॉनेट उघडून चेहरा गंभीर केला, इथे-तिथे हात लावला, आणि परत येऊन बसतो तर ते काळं बटण बाहेर आलेलं, मला जीभ दाखवत. मी गुडघ्याने ते हळूच आत ढकललं. तोवर इंजिन निवलं होतं. आबा येऊन बसले, मी किल्ली फिरवली, गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली.

आबांनी माझ्याकडे बघितलं. “बघलंस?”

इथे मला म्हणता आलं असतं, की आबा, माझं चुकलं. तीन शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, “बघलंय, आबा. इंजिनात काय्येक नव्हता. तेचोच खेळ.”

मागे वहिनीने हात जोडले. मी गाडी हाकली, आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

त्या संध्याकाळी आयेने नारळाच्या रसात तांदळाच्या शेवया, म्हणजे शिरवळे, केले आणि देवाने गाडी सोडली ही हकीकत मला तीनदा सांगायला लावली. तिसऱ्यांदा सांगताना मी देवचाराला थोडा उंच केला. मग ती अंगणात येऊन बॉनेटखाली वाकली. “ह्यो ढाकणाचो डबो कसलो रे?” इंजिनाच्या डोक्यावर गोल पत्र्याचा डबा असतो, त्यात हवा गाळून आत जाते. मी ऐटीत म्हणालो, “तां गाडीचा नाक, आये. हिचो सगळो जीव थंयसून जाता.” आयेने मान डोलावली. मी बोललो आणि विसरलो. आये कधी काही विसरत नसे.

आठ दिवसांनी परत मालवण. चोक मी स्वतः आत ढकलला, बोटाने दाबून बघितला, आबांची नजर चुकवून दोनदा बघितला. सडा जवळ आला तशी गाडी खोकली. काळा धूर. काजऱ्याखाली, दगडाशेजारी, बंद.

पहिल्या वेळी मला हसू दाबावं लागलं होतं. या वेळी माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात. कारण जगात मी एकटाच असा होतो ज्याला ठाऊक होतं की पहिल्यांदा देवचाराने काही केलं नव्हतं. मी त्याच्या नावावर खोटं खपवलं होतं. आणि आता, जणू कुणीतरी म्हणत होतं, बरं, माझं नाव घेतलंस ना, मग हे घे. आबांनी गाऱ्हाणं घातलं, अर्धा तास गेला, गाडी सुरू झाली. तिसऱ्या वेळी तसंच. चौथ्या वेळीही तसंच. बॉनेट उघडून उभा असलो की इंजिनातून टिक्, टिक् असा आवाज यायचा. तापलेलं लोखंड निवताना करतं तो आवाज, पुस्तकात दिलेला होता. पण मी इंजिनावर वाकलेलो असायचो आणि आवाज यायचा मागून, रस्त्यावरून, एका संथ चालीत. मी कधी वळून बघितलं नाही.

चौथ्या खेपेला वहिनीनेच ते दाखवलं. “भावोजी, देवाचा तोंड बघलास?” दगडाचा शेंदूर काळा पडला होता. वरपासून खालपर्यंत नाही, फक्त जिथे आपण तोंड आहे असं धरून चालतो तिथे. आता मला माहीत आहे की दर वेळी गाडी एकाच जागी बंद पडायची आणि तिचा धूर सरळ त्या दगडावर जायचा. काजळी होती ती. तेव्हा मात्र मी ते तोंड बघितलं आणि मला पेज जाईनाशी झाली.

शेवटी मी माझ्या विद्येला शरण गेलो. चार स्पार्क प्लग काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि एस्टीने कसालला अंतोन मेस्त्रीकडे गेलो. हायवेला त्याचं गॅरेज होतं. आमच्या भागातली निम्मी वाहनं त्याच्या हातून गेलेली. गाडी न्यायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर सर्टिफिकेटवाल्याने मेस्त्रीच्या दारात गाडी नेणं कमीपणाचं वाटत होतं. अंतोनने प्लग हातात घेतले, बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्याने ते माझ्या गालाला पुसलं.

“काजळ घाल, नवरो दिसशीत.”

“मेस्त्री, चेष्टा नको. गाडी एकाच जाग्यार बंद पडता. काजऱ्याकडे.”

“आणि मालवणसून येताना? थंयसून येताना खंय बंद पडता?”

मी गाल पुसायला लागलो. कारण येतानाही ती बंद पडायची. मालवण सोडल्यावर तेवढ्याच अंतरावर, एका काजूच्या कारखान्यापाशी. पण तिथे कुणाचा दगड नव्हता, म्हणून त्याची गोष्ट झाली नव्हती. आम्ही तिथे फक्त घाम पुसायचो.

अंतोन हसला. “बघ. तुजो देव दोन्ही बाजूक ऱ्हवता. अरे, थंड इंजिनाक पेट्रोल जास्त झाला तरी चलता. तापला की सोसना नाय. घरासून तापाक जेवढो वेळ लागता, तेवढ्यात तू काजऱ्याकडे पोचतंस. इंजिन निवाक लागता अर्धो तास, आणि आबांच्या गाऱ्हाण्याकय अर्धो तास. ही काजळी सुकी आसा. पेट्रोल भरपूर, वारो कमी. गाडी जेवता, पण तिका श्वास गावना नाय.” मग त्याने सहज विचारलं, “वरचो डबो उघडून बघलंस?”

पंधरा सेकंदांचं काम. वर पंखांसारखे दोन कान असलेला एक नट असतो, हाताने फिरतो. मी गाडी आली त्या आठवड्यात तो डबा साफ केला होता आणि त्यानंतर बघितलाही नव्हता. पण समोर अंतोन, त्याची दोन गिऱ्हाईकं, आणि मी सर्टिफिकेटवाला. “उघडलंय मरे,” मी म्हणालो. “स्वच्छ आसा.”

“मगे कार्बोरेटर बघ.” अंतोनने प्लग घासून परत दिले.

आता माझा मुलगा गॅरेज चालवतो. तोंडवलीला समुद्र बघायला येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या गाड्या त्याच्याकडे येतात. तो गाडीला एक वायर लावतो, मोबाइलकडे बघतो आणि म्हणतो, मिक्स्चर रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. ना प्लग काढणं, ना बोट काळं होणं. मी त्याला एकदा विचारलं, गिऱ्हाईक खोटं बोललं तर? तो म्हणाला, बाबा, मी गिऱ्हाइकाला विचारतच नाही.

वरचा डबा न उघडता तसाच अख्खा बाजूला ठेवला, आणि मी चार दिवस त्याखालचा, हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर खोलून बसलो. जे बिघडलं नव्हतं ते दुरुस्त केलं, परत बसवलं, आणि आबांना घेऊन एक फेरी मारली. गाडी या वेळी काजऱ्यापर्यंत गेलीच नाही. त्याच्या दोन वळणं अलीकडे बंद पडली.

घरी आल्यावर आबांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण ओसरीवर ‘पुच्च’ आवाज झाला नाही. दोन दिवसांनी परत फेरी, आणि गाडी चढाच्या तोंडाशी बंद. आयेला ते माझ्याकडूनच कळलं. तिच्या हातातलं पळीभर सांबारं सांडलं.

“तो खाली येता,” ती म्हणाली. “घराकडे येता. न्हेवक येता.”

काय न्यायला, ते तिने सांगितलं नाही. आतल्या खोलीत वहिनी कुशीवर वळल्याचा आवाज आला. त्या रात्री मी पहिल्यांदा आबांना खरं सांगायचं ठरवलं, आणि सकाळी पुढे ढकललं.

वहिनीच्या कळा सुरू झाल्या त्या पंधरा दिवस आधीच, एका मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमाराला. दादा खारेपाटणला. एस्टी चार वाजता. आयेने वहिनीला मागे बसवलं, आपण शेजारी बसली, आबा पुढे. मी चोक ओढला, गाडी सुरू झाली, चोक आत ढकलला. शेतं ओलांडली. साकवावर चाकं आली आणि गाडी खोकली. साकव तो, घरापासून हाकेच्या अंतरावर! तिथून आमचं छप्पर दिसत होतं. मागे काळा धूर पसरला, शेतावरून घराच्या दिशेने निघाला, आणि गाडी बंद.

आबा उतरले, टोपी काढली, चपला काढल्या. आणि तसेच उभे राहिले. इथे दगड नव्हता. हात जोडायचे कुठल्या दिशेला हे त्यांना कळेना. आबा कुठेतरी गोंधळलेले मी आयुष्यात तेव्हाच बघितले. ते आधी सड्याकडे वळले, मग हळूहळू घराकडे.

वहिनीच्या तोंडून एक आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. मग ती म्हणाली, “आबा, माका हयसर नको. मागच्यासारखा नको.”

मी बॉनेट उघडलं. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. चार दिवस मी जे जे उघडलं होतं ते सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि एकच वस्तू उरली, जिच्याबद्दल मी अंतोनला खोटं सांगितलं होतं. मी डब्यावरच्या नटाला हात घातला.

“हात लावू नको!” आये गाडीतून उतरून धावत आली. तिने माझं मनगट धरलं. “थंयसर राखण आसा!”

“कसली राखण?”

“गुरवान दिलली. तांदूळ नि अंगारो. दर खेपेक एक पुडी घातलंय. तूच म्हणालंस मरे, हिचो जीव थंयसून जाता. जिवार राखण नको?”

सगळं एका क्षणात कळलं, आणि कळून उपयोग नव्हता, कारण आये डब्यावर पदर पसरून उभी राहिली होती. तिच्या हिशोबात त्या पुड्यांनीच तो अजून घरात शिरला नव्हता. “तां काढलंस तर तो बाळाक न्हेतलो. आदी माका मार, मगे काढ.” आबा म्हणाले, “ऱ्हवांदे रे. हात लावू नको.” वहिनी आत दरवाजाची मूठ धरून श्वास मोजत होती.

मला वाटतं माणूस धीट होतो तो असाच, पळायला दुसरी वाट नसते म्हणून. मी म्हणालो, “आये, तेणा कधी अडवूकच नाय. पयल्या दिसा मीच चोक आत घालूक विसरलंय. माझी चूक मी तेच्या नावार घातलंय. खोटा बोललंय मी, आबा. तुमका सगळ्यांका.”

आबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, ते तिथे. कानाखाली, उघड्या हाताने. पुढे बराच वेळ त्या कानात शिट्टी वाजत होती, आणि त्या शिट्टीतून मला वहिनीचा आवाज ऐकू आला, “आये, काढूंदे तेका. काय जाला तर माका जावंदे.”

आये बाजूला झाली नाही. तिने फक्त पदर डब्यावरून काढून पुढे ओंजळीसारखा धरला. मी नट फिरवला, झाकण काढलं. आत सहा पुड्या. लाल कापडाच्या, पेट्रोलने भिजून काळ्या पडलेल्या, आणि हवा ओढण्याच्या जोराने कार्बोरेटरच्या तोंडावर एकीवर एक अशा घट्ट बसलेल्या, की श्वासाला बोटभर फट उरली होती. कुणाच्या तरी नरड्यातून काढावं तशी मी एकेक पुडी काढली. दर पुडीला आये डोळे मिटत होती. सहाही तिने पदरात घेतल्या, एकही जमिनीवर पडू दिली नाही.

मी किल्ली फिरवली. एकदा, दोनदा. वहिनी ओरडली. तिसऱ्यांदा गाडीने धुराची एक शेवटची उलटी केली आणि असा खणखणीत आवाज काढला की साकवाखालचे बगळे उडाले. चढ आम्ही तिसऱ्या गिअरला घेतला. काजऱ्याचं वळण आलं तेव्हा गाडीतल्या तिघांनी डोळे मिटले. ड्रायव्हरने डोळे मिटायचे नसतात, म्हणून मी एकच मिटला. गाडी दगडाजवळून गेली. उघड्या डोळ्याला ते काळं तोंड दिसलं, आणि मी शपथेवर सांगतो, ते आमच्याकडे वळलेलं नव्हतं.

मुलगी झाली. चार वाजायच्या आत. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, हात पुसत म्हणाल्या, “नाळेचा वेढा होता मानेला. आणखी अर्धा तास लागला असता तर,” आणि परत आत गेल्या. आये भिंतीला टेकून बसली. तिच्या पदराला पेट्रोलचा वास येत होता आणि नर्स तिला आत घेईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला एका शब्दाने उठवलं, “चल.” आम्ही दोघेच गेलो. काजऱ्याखाली गाडी मी माझ्या हाताने बंद केली. आबांनी घरून पाणी, तेल आणि नारळाचा काथ्या आणला होता. मी तो दगड घासला. काजळी बोटांना लागत होती, नखांत शिरत होती. आबांनी शेंदूर लावला, नारळ ठेवला आणि मागे सरकले.

“आता तू घाल गाऱ्हाणा,” ते म्हणाले.

मी कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. ते थोरल्याने घालायचं, आणि प्रत्येक मागणीनंतर बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, म्हणजे ती मागणी सगळ्यांची होते. मी हात जोडले. बा देवा म्हाराजा, आज तुझ्या दाराक उभो आसंय. व्हय म्हाराजा, आबा म्हणाले. तुझ्या नावार मी खोटा बोललंय, ता पदरात घे. व्हय म्हाराजा. आमच्या घरात चेडू इला, तेका संभाळ. व्हय म्हाराजा, आबांचा आवाज जरा फाटला. आणि मग, का ते मला आजही माहीत नाही, कुणी शिकवलं नव्हतं, माझ्या तोंडून निघालं, “आणि माझ्या खोट्याची काय शिक्षा आसा, ती तेका नको. माका दी.”

आबा काही बोलले नाहीत. मी थांबलो. गाऱ्हाणं तसं अर्धं सोडता येत नाही. आबांचे ओठ हलताना मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होते, पण शब्द येत नव्हता. पुतण्याला शिक्षा व्हावी या मागणीला त्यांना ‘होय’ म्हणवेना. वारा पडलेला होता. काजऱ्याचं पानही हलत नव्हतं.

तेव्हा आमच्या मागून, रस्त्याच्या खालच्या अंगाने, जिथे नुसती करवंदांची जाळी आहे, कुणीतरी सावकाश म्हणालं, “व्हय.”

‘म्हाराजा’ नाही. नुसतं ‘व्हय’.

आम्ही दोघांनीही वळून बघितलं नाही. आबांनी खाली वाकून नारळ उचलला, तो फोडायचा राहिला होता, आणि परत ठेवला. आम्ही गाडीकडे चालत गेलो. दरवाजे लावून घेतले. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“तुका काय आयकाक इला?” आबांनी समोर बघत विचारलं.

“नाय, आबा.”

त्यांनी टोपी मांडीवर ठेवली, तिची घडी बोटांनी सारखी केली.

“माकाय नाय,” ते म्हणाले. “चल.”